बांगड्यांची पन्हळ

अण्णा उदावंतांनी कारखान्याचं शटर आतून खाली ओढलं, कुलूप लावलं आणि किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली. मी मोरीपाशी उभी होते, काखेत माझी केर धुवायची नवीकोरी पन्हळ. मला वाटलं, मी आत आहे हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

“अण्णा, मी हाय की हितं,” मी म्हटलं. “मला जाऊ द्या आणि मग लावा कुलूप.”

“माहीत आहे. तुम्ही पण थांबा, कौसल्याबाई. आता इथून कुणी हलायचं नाही.”

अण्णा तसे वाईट माणूस नव्हते. कोल्हापुरात गुजरीच्या मागच्या बोळात त्यांचा दागिने घडवायचा कारखाना, पुढं पेढी. कारखाना म्हणजे एकच खोली. चार कारागिरांचे चार पाट, एक शेगडी, कोपऱ्यात मोरी, वर पत्रा आणि भिंतीत हातभर जाळीची खिडकी. दिवस चैत्राचे. बाकीचे तिघं कारागीर जोतिबाच्या जत्रेला गेलेले, आत एकटा अनंता वेदपाठक. तो आपल्या पाटावर मांडी घालून बसला होता. सदऱ्याची बटणं उघडी, खिसे उलटे करून बाहेर काढलेले. ते लोंबणारे खिसे बघून मला कसंतरीच झालं.

“काय झालंय?” मी विचारलं.

“तूट आली,” अण्णा म्हणाले. “दोन ग्रॅमच्या वर.”

सोनाराच्या घरात ‘तूट’ हा शब्द कुणी मोठ्यानं बोलत नाही. कारागिराला सोनं तोलून द्यायचं आणि दागिना तोलून घ्यायचा ही रीत. मधे कानशीखाली, आगीत थोडं जायचंच, त्याला घट म्हणतात. तेवढी सूट कारागिराला असते, आणि हात चांगला असेल तर सुटीतलं वाचतं ते त्याचं स्वतःचं. हिशेब महिनाअखेरीला. पण ह्या खेपेला एका गिऱ्हाइकाच्या लग्नाची तारीख अलीकडं आली आणि तोडे त्याच संध्याकाळी हवे झाले. अण्णांनी महिन्याच्या मध्यातच तोल घेतला. अनंताचा हात म्हणजे साऱ्या गुजरीत नाव घ्यावं असा, त्याची घट कधी सुटीच्या निम्म्यालाही पोचायची नाही. आणि आज त्याच्या तोड्यात सूट वजा जाऊनही दोन ग्रॅम कमी.

“अनंता, शेवटचं विचारतो. सोनं कुठं आहे?”

“केरात असंल, अण्णा.”

“केरात! बारा वर्षं तुझं सोनं केरात गेलं नाही, आणि आत्ताच गेलं?”

अनंता मान खाली घालून हाताची नखं बघत बसला. मला त्याचा राग आला. अरे बाबा, बोल की काहीतरी! गप्प बसलेल्या माणसाकडं बघून जग काय समजतं?

“मी गिऱ्हाइकाला काय सांगू? आणि उद्या बाकीच्या कारागिरांना काय सांगू?” अण्णांचा आवाज चढला. “एक तर सोनं ह्या खोलीत आहे, नाहीतर तू बाहेर पाठवलंयस. इथं असेल तर आत्ता निघालं पाहिजे. नाही निघालं तर मी चौकीवर फोन करतो. मग ते तुला बोलतं करतील.”

आणि मग त्यांची नजर माझ्याकडं वळली. माझ्याकडं म्हणजे माझ्या काखेतल्या पन्हळीकडं.

“कौसल्याबाई, ह्यानंच तुम्ही केर धुता ना हल्ली?”

इथं जरा आमच्याबद्दल सांगायला पाहिजे. आम्ही झारेकरी. सोनाराचा केर वर्षाच्या बोलीनं घ्यायचा, जाळायचा, कुटायचा, धुवायचा आणि त्यातली सोन्याची धूळ काढायची, हा आमचा पिढीजात धंदा. दुकानापुढच्या गटारीतला गाळसुद्धा आमचाच. लोक नाक दाबून जातात आणि आम्ही त्याच गाळात हात घालून पोट भरतो. केरातलं सोनं ओढून घ्यायला पारा वापरायचा, मग तो तव्यावर उडवायचा, की मागं सोनं राहतं. उडालेला पारा कुठं जातो? धुणाऱ्याच्या नाकातोंडात. आमचे मालक त्यातच गेले. आधी दात गेले, मग हात थरथरायला लागले, शेवटी चहाची कपबशी धरता येईना. त्यांच्या माघारी मामंजी, म्हणजे माझे सासरे, त्याच तव्यावर बसायला लागले. त्यांचेही हात हलायला लागले तेव्हा मी पाऱ्याची बाटली उचलून कपाटाच्या मागं टाकली आणि म्हटलं, ह्या घरात आता पारा नाही.

“मग खाशील काय? माती?” मामंजी म्हणाले होते.

मी पन्हळ केली. अर्ध्या बांधून पडलेल्या इमारतीवरचा अडीच इंची प्लास्टिकचा पाइप गवंड्याकडनं मागून आणला, करवतीनं उभा चिरला. वरनं पाणी सोडायचं, त्यात केर सोडायचा, माती वाहून जाते आणि जड सोनं तळाला बसतं, एवढी साधी गोष्ट. पण तळाला बसलेलं सोनं अडवायला आडवे उंबरे लागतात. लाकडाचे करून बघितले, ते फुगले. रबराचे सुटून यायचे. एकदा ट्रंक उपसताना माझ्याच प्लास्टिकच्या हिरव्या बांगड्या हाताला लागल्या. हे गेल्यापासून हातातून उतरलेल्या. मी घटकाभर त्या हातात धरून बसले, मग उठून मधोमध कापल्या. अर्धी बांगडी पाइपात अशी नेमकी बसली की काय सांगू! सगळ्या ओळीनं चिकटवल्या. भावकीतल्या बाया म्हणाल्या, कौशीनं बांगड्यांचं गटार केलंय.

पहिल्या महिन्यात त्यातून काही निघालं नाही. मामंजी म्हणाले, उद्यापासून पारा काढ. मी अनंताजवळ येऊन रडले, कारण केर न्यायला आले की गुजरीत बसायला बोलावणारा आणि ‘वैनी, पाणी घ्या’ म्हणणारा तो एकच होता. तो म्हणाला, “उतार जरा कमी करून बघा की.” मी उतार कमी केला आणि पुढच्याच खेपेला सोनं निघालं. त्याच्या पुढच्या खेपेला आणखी. पाऱ्यानं निघायचं त्याच्या दुप्पट! मामंजींनी पाऱ्याचं नाव टाकलं. मी काय, हवेत. भावकीत मिरवले. दुसरी पन्हळ केली, पहिलीपेक्षा लांब, आणि तीच त्या दिवशी अनंताला दाखवायला घेऊन आले होते. आणि सापडले त्या कुलपात.

“व्हय, ह्यानंच धुते,” मी म्हटलं.

“मग आत्ता धुवा. माझ्यासमोर.”

“अण्णा, त्यांना कशाला?” अनंता एकदम बोलला. “त्यांना जाऊ द्या. त्या प्लास्टिकच्या पन्हळीनं काय व्हायचंय? खेळणं हाय ते.”

मला असं लागलं! खेळणं? कालपरवापर्यंत ‘वैनी, डोकं हाय तुम्हाला’ म्हणणारा हाच की! त्याला वाचवायला उभी राहणार मी, आणि हा माझ्याच पन्हळीवर उठला.

“खेळणं का काय ते बघूच आता,” मी म्हटलं आणि पदर खोचला.

पदर खोचला खरा, पण खाली बसताना मामंजींचा शब्द आठवला आणि हात जड झाले. आमच्यात एक नेम आहे. पेढीच्या मालकासमोर केर धुवायचा नाही. बाप मुलाला, सासू सुनेला पहिल्या दिवशी हेच सांगते. झाकली मूठ सव्वा लाखाची. केरातून किती निघतं हे मालकाला कळलं, की तो केर तुझा राहिला नाही. अण्णांच्या केराची बोली दर अक्षय्यतृतीयेला नवी व्हायची, आणि अक्षय्यतृतीया पुढं आलेलीच होती. म्हणजे बघा. पन्हळीनं सोनं धरलं तर अनंता सुटणार आणि माझं घर बुडणार. नाही धरलं तर माझं घर शाबूत आणि अनंता चौकीत. इकडं आड, तिकडं विहीर, मधे कुलूप.

“जाळायला लागतो आधी,” मी म्हटलं. “तेलकट असतंय सगळं. जाळून, कुटून मग धुवायचा.”

“पुढं पेढीत गिऱ्हाईक बसलंय. धूर चालणार नाही. आहे तसा धुवा.”

दोन पाटांवर पन्हळ ठेवली, एका टोकाला एक वीट जास्त. नळाला रबरी नळी लावली. खालच्या टोकाला टब, टबातलं भरून वाहणारं पाणी मोरीत. अण्णा स्टूल ओढून अगदी माझ्या खांद्याशी बसले. आधी रिकाम्या तिन्ही पाटांखालचा आणि खोलीचा केर झाडून घेतला. पत्र्याखाली आम्ही तिघं घामानं निथळत होतो. खिडकीच्या जाळीतून बोळातल्या चहावाल्याचा आवाज येत होता, पण तिथं जाता येत नव्हतं.

मूठमूठ केर सोडत गेले. काळी माती, दोऱ्याचे तुकडे, कोळशाची भुकटी, सगळं बांगड्यांवरून उड्या मारत गेलं. पाणी थांबवलं तेव्हा पहिल्या दोन बांगड्यांमागं हळदीच्या बोटासारखी पिवळी रेघ होती. पिठासारखी बारीक.

“एवढंच?” अण्णा म्हणाले.

“तिघांची बैठक बंद हाय की. शिळा केर हाय.”

“आता ह्याच्या पाटाखालचा.”

मी अनंताच्या पाटाखाली केरसुणी घातली. तो उठून भिंतीला टेकला. मला वाटलं, त्याला घाम फुटलाय तो उकाड्यानं. त्याच्या पाटापुढं मांडीवर घ्यायचं चामडं लोंबत होतं. कानस चालवताना सोन्याचा कीस त्या चामड्यात पडतो, मग तो झाडून परत मुशीत जातो. मी त्याकडं नीट बघितलं नाही. बघितलं असतं तर पुढचं सगळं आधीच कळलं असतं.

केर सोडायला लागले. एक मूठ, दोन मुठी. बांगड्यांमागं काही नाही. तिसरी मूठ. काही नाही. अण्णा हुंकारले. अनंतानं डोळे मिटून घेतले. आणि माझं लक्ष खाली टबाकडं गेलं.

टबातल्या पाण्यावर सोनं तरंगत होतं.

तेलानं आणि पॉलिशच्या मेणानं माखलेला बारीक कण बुडत नाही, पाण्याच्या अंगावरून सरकत जातो. म्हणून तर आम्ही केर आधी जाळतो. पिवळी चमचम टबाच्या काठापर्यंत येत होती आणि काठावरून सांडून मोरीत जात होती. अण्णांना ते दिसलं नव्हतं. ते बांगड्यांकडं डोळे लावून बसले होते, कारण सोनं बांगड्यांमागं अडतं असं मीच त्यांना सांगितलं होतं.

आता मोरीतून पाणी कुठं जातं? बोळातल्या गटारीत. आणि गटारीचा गाळ कुणाचा? आमचा!

खोटं कशाला सांगू, तो विचार आला माझ्या मनात. आला म्हणजे चांगला बैठक मारून बसला. गप्प राहायचं. पन्हळ रिकामी निघणार. अण्णा म्हणणार, खेळणंच आहे हे, आणि केराची बोली होती तशीच राहणार. दोन दिवसांनी गटार उपसायची, सोनं घरात. कुणाला म्हणजे कुणाला कळणार नाही. फक्त अनंताला चौकीत बसवतील. तो बोलणार नाही, आणि न बोलणाऱ्याला तिथं काय मिळतं ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. पुन्हा कोण सोनं देईल त्याच्या हातात? सोनारावर एकदा चोरीचा डाग पडला की त्यानं बोळ बदलून भागत नाही.

मी वर बघितलं. अनंतानं डोळे उघडले होते. त्याला ती चमचम दिसली होती. त्यानं माझ्याकडं बघून मान हलवली. अगदी हळू. नको, नको.

मला कळेना, हा माणूस वेडा आहे का? पण ती मान हलली आणि माझ्याच्यानं गप्प बसवेना. मी नळ बंद केला, हाताला लागला तो चिंधीचा बोळा मोरीच्या तोंडात कोंबला.

“काय झालं?” अण्णा दचकले.

“सोनं वर चाललंय, अण्णा. तेलकट हाय, बुडंना. रिठं हायत का?”

“रिठे?”

“दागिनं धुता न्हवं तुम्ही रिठ्याच्या पाण्यानं? तेच द्या. लवकर!”

दागिने उजळायच्या वाडग्यात रिठे भिजत घातलेलेच होते. मी ते हातानं चांगले कुस्करले आणि फेसाचं पाणी टबात ओतलं. घोळलं. डोळ्यांसमोर ती चमचम फाटली आणि कण खाली बसायला लागले. मोरीत साचलेलं पाणीसुद्धा तांब्यातांब्यानं उपसून त्यात घेतलं. मग सगळा गाळ, रिठ्याच्या पाण्यासकट, पुन्हा पन्हळीत सोडला. पाणी बारीक धरलं. अण्णांचा श्वास माझ्या मानेवर येत होता.

पाणी ओसरलं आणि पहिल्या बांगडीमागं सोनं होतं. दुसरीमागं होतं. तिसरीमागं, चौथीमागंही.

“आई अंबाबाई!” अण्णा स्टुलावरून उठले. “हे बघ रे, अनंता! हे बघ!”

मी मोराच्या पिसानं एकेका बांगडीमागचं सोनं ताटलीत उतरवलं. आणि तेव्हा मला दिसलं. खोलीच्या केरातलं सोनं पिठासारखं होतं, मळकट. हे तसं नव्हतं. ह्याचे बारीक बारीक वेढे होते, लखलखीत, ताज्या कानशीचे. जमिनीवर वर्षानुवर्षं सांडतं ते सोनं असं नसतं. हा कीस होता. चामड्यात पडायला पाहिजे तो.

असेच वेढे मी चार महिने माझ्या बांगड्यांमागं बघत होते. मला वाटायचं, केरातलं सोनं असंच असतं. पाऱ्यात सगळ्याचा एकच गोळा होतो, त्यात कण कसे होते ते कुणाला दिसतंय? पिढ्यान्‌पिढ्या आमच्यातल्या कुणी केरातलं सोनं त्याच्या मूळ रूपात बघितलंच नव्हतं. मी पहिली, आणि मी काय बघितलं तर हे.

मी वळून चामड्याकडं बघितलं. मधोमध बोटभर चीर होती. झिजून फाटलेलं चामडं कसं फाटतं ते मला माहीत आहे, त्याला कडा असतात, दशा असतात. ही चीर सरळ होती. पात्यानं कापलेली.

अनंता माझ्याकडंच बघत होता. मी पटकन मान वळवली.

सोनं वाळवून, टाकणखार घालून मुशीत टाकलं. अनंतानंच फुंकणी घेतली. मणी झाला. अण्णांनी काट्यावर टाकला. तूट भरून निघाली होती आणि वर थोडं उरलं होतं. अण्णांनी अनंताच्या पाठीवर हात ठेवला.

“मर्दा, चामडं फाटलंय की तुझं! बघायचं नाहीस का? माझ्या जिवाला घोर लावलास. चौकीवर गेलो असतो तर?”

“चुकलं, अण्णा.”

“बदल ते आजच्या आज.”

मग अण्णा काट्याकडं बघत राहिले. एकदा मण्याकडं, एकदा केरसुणीकडं, एकदा माझ्या पन्हळीकडं. माणूस हिशेब करायला लागला की त्याचे ओठ हलतात. मला ते ओठ दिसत होते.

“कौसल्याबाई, एवढं निघतं होय केरातून?”

“आज निघालं, अण्णा. रोज नसतंय.”

“बरं, बरं,” ते म्हणाले आणि हसले. “तुमची ही पन्हळ इथंच राहू द्या. अक्षय्यतृतीयेपासून केर आमचा आम्हीच धुऊ म्हणतो. पोरं आहेतच रिकामी. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, तुमचे उपकार मी विसरणार नाही.”

विसरले कुठं, त्याच क्षणी फेडून टाकले! खिशातून किल्ली निघाली, शटर वर गेलं, बोळातली हवा आत आली. मी मोकळ्या हातानं बाहेर पडले.

चहाच्या गाड्यापाशी अनंता मागून आला.

“वैनी, जरा थांबा.”

“कशाला? खेळणं ठेवून आलेय आत. खेळा आता तुम्ही.”

“तुम्ही धुवायला नको हुतं, केर जाणार हुता तुमचा,” तो म्हणाला. “म्हणून तसं बोललो.”

“चामडं कधी कापलं?”

तो रस्त्याकडं बघायला लागला. “तुम्ही रडला त्याच्या दुसऱ्या दिवशी.”

“अण्णांचं सोनं तुम्ही माझ्या केरात टाकत होता?”

“अण्णांचं न्हाई, देवाशपथ न्हाई! माझी सूट वाचायची न्हवं, तेवढंच. महिन्याला माझं जे राहायचं तेवढं आधीच खाली सोडायचो, महिनाअखेरीला मेळ बसायचा. अण्णांनी महिना भरायच्या आधी काटा लावला, आणि तोड्यात कीस जास्ती पडला. माझाच हिशेब चुकला.”

चार महिने मी भावकीत मान वर करून हिंडत होते. मामंजींना टोमणे मारले होते. उतार, बांगड्या, माझं डोकं, सगळं खोटं! पन्हळीनं काहीच केलं नव्हतं. एक माणूस स्वतःच्या घामाचं सोनं माझ्या केरात सांडत होता आणि मी त्याला माझी हुशारी समजत होते.

“मला का न्हाई सांगितलं?” मी म्हटलं. “भीक घालत होता काय मला?”

“भीक कसली? सांगितलं असतं तर तुम्ही घेतलं असतं व्हय? तुमच्या घरात परत पारा आला असता. तुमच्या मालकांच्या शेवटच्या दिवसांत मी त्यांना चहा पाजलाय, वैनी. बशी मी धरायचो.”

मी एवढंच म्हटलं, “नवं चामडं लावा. आणि नीट लावा.”

“लावतो.”

त्यानं लावलं. कसं लावलं म्हणता! अण्णांच्या पोरांनी वर्षभर केर धुतला, माझ्याच पन्हळीत, आणि त्यातून निघून निघून काय निघणार? अनंताच्या पाटाखाली सोन्याचा कणसुद्धा पडत नव्हता. पोरं कंटाळली, मोरी तुंबली, पत्र्याखाली वास सुटला. मी त्या वर्षात सांगली, मिरज, कराडच्या झारेकऱ्यांना पन्हळी करून दिल्या. पाइप माझा, बांगड्या ज्याच्या त्याच्या घरातल्या. प्रत्येकाला रिठ्याचं सांगायची. खोटं बोलायची नाही, पहिल्यांदा फार सोनं दिसणार नाही असंही सांगायची. पण माझी स्वतःची पन्हळ पाऱ्याइतकं सोनं धरते का नाही, हे मला अजून ठाऊकच नव्हतं. विकत होते दुसऱ्यांना, आणि मनात शंका माझ्याच. ते वर्ष फार वाईट गेलं.

पुढच्या अक्षय्यतृतीयेला अण्णांनी निरोप धाडला. दारात गेले तर माझी जुनी पन्हळ भिंतीला उभी केलेली, दोन बांगड्या निघालेल्या.

“घेऊन जा बाई तुमचा केर आणि तुमचं हे यंत्र,” अण्णा म्हणाले. “काही अर्थ नाही ह्या धंद्यात. त्या दिवशी नशीबच होतं.”

“व्हय अण्णा, नशीबच,” मी म्हटलं.

आत अनंता तोडे घासत होता. मांडीवर चामडं, चारी कोपरे ताणून बांधलेले. त्यानं मान वर केली नाही.

नव्या बोलीचा पहिला केर घरी आणला, जाळला, कुटला. निघालेल्या बांगड्या पुन्हा चिकटवल्या. मामंजी अंगणात माझ्यासमोर येऊन बसले, थरथरते हात गुडघ्यांत दाबून. पारा आणू का, असं त्यांनी विचारलं नाही. मी पाणी बारीक सोडलं. सगळा केर संपला तेव्हा पहिल्या बांगडीमागं पिठासारखी मळकट पिवळी रेघ होती. एकही वेढा नव्हता. मामंजी वाकून बराच वेळ बघत राहिले.

“पाऱ्यानंही एवढंच निघायचं,” ते म्हणाले. “का रडतीस मग?”

“काही न्हाई,” मी म्हटलं. “हे माझं हाय.”